अडीच पावलं

वैजयंतीला माइक द्या आणि बाजूला व्हा, असं केनवडच्या कन्याशाळेत सगळे म्हणायचे. आधी म्हणत नसत. नववीपर्यंत ही पोरगी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. मग दहावीत वक्तृत्वाला जाणारी मुलगी ऐन दिवशी तापानं फणफणली, समोर दिसली म्हणून गणेश सरांनी वैजूला उभं केलं, आणि वैजूनं तालुक्यातून पहिला नंबर आणला. झालं! तेव्हापासून तिच्या जिभेला जो वेग आला तो आलाच. गोठ्यात शेण काढतानाही ती मोठमोठ्यानं भाषणं करायची आणि तिची आई ओरडायची, "हळू व बाई! म्हैस बिचकून राह्यली ना तुया आवाजानं."

म्हैस बिचकली तर बिचकली. पण ज्या दिवशी हे बोलणं वैजूच्या स्वतःच्या अंगावर आलं, तो दिवस आठवला की आजही तिच्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

तो जानेवारीतला एक शनिवार होता. नागपूरच्या एका विद्यापीठानं पाच शाळांच्या अकरावीच्या मुलामुलींना बोलावलं होतं. दिवसभर आवार फिरायचं, जुन्या-नव्या इमारती बघायच्या, कोणती कोणी कशी बांधली ते ऐकायचं, आणि शेवटी प्रत्येक शाळेतल्या दोघांनी दोन-दोन मिनिटं बोलायचं. विषय होता 'मला इथं काय दिसलं'. त्या दोघांतल्या एकाला मे महिन्यात दहा दिवसांचं शिबिर. तिथं इमारतींची चित्रं काढायला शिकवणार, पुठ्ठ्याचे नमुने करायला शिकवणार, राहणं-जेवण सगळं विद्यापीठाचं. वैजूच्या डोक्यात दुसरं काही शिरेनाच. शाळेतून तिचं नाव तर ठरलेलंच होतं. दुसरं नाव द्यायला कोणी तयार नव्हतं.

"तुयासमोर कोन बोलन व?" नितानं हात जोडले. "आमी आपल्या टाया वाजवतो."

मुलींची सहल म्हटली की सोबत बाई हवी, असा नियम. शाळेतल्या एकुलत्या एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. कुणाची तरी आई न्यावी म्हटलं तर घरोघरी तूर सोंगायला आलेली. शेवटी रामीबाई तयार झाली. रामीबाई म्हणजे सुकेशनीची आई, आणि सुकेशनी म्हणजे सुकी, वैजूच्याच बाकावर बसणारी, तांड्यावरून चालत येणारी. रामीबाई आणि तिचा नवरा दरवर्षी दिवाळी झाली की कामाला बाहेर जायचे, कधी ऊसतोडीला, कधी बांधकामावर. यंदा सुकीची अकरावी म्हणून रामीबाई मागं राहिली होती.

बस निघताना हेडसरांनी नारळ फोडला आणि म्हणाले, "रामीबाई, ह्या चौतीसही पोरी आता तुमच्या. जशा नेल्या तशा आना."

दुसरी कोणी असती तर हसली असती. रामीबाईनं पदर खोचला आणि बसमध्ये चढून एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून चौतीस डोकी मोजली. किन्हीराजा गाव यायच्या आत दोन डोकी खिडकीबाहेर होती, उलट्या करत. त्या दोघींना मांडीवर घेऊन ती नागपूरपर्यंत बसली.

विद्यापीठाच्या फाटकात नीलिमाताई उभी होती. वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती ती, आणि आलेल्यांना आवार फिरवून दाखवायचं काम तिच्याकडं होतं. गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरे बूट, आणि गंमत म्हणजे ती उलटी चालायची! तोंड आपल्याकडं, पाठ रस्त्याकडं, बोलता बोलता मागं मागं जायची आणि कुठं अडखळायची नाही. वैजू तर खलास झाली. आपणही अस्संच व्हायचं, तिनं पाचव्या मिनिटाला ठरवून टाकलं, आणि ती पोरींच्या रांगेत सगळ्यात पुढं, नीलिमाताईच्या अगदी नाकासमोर चालू लागली.

"समोर दिसतंय ते पदवीदान सभागृह," नीलिमाताई म्हणाली. "दगड सगळा इथलाच. तुम्ही वर व्हा, मी मागच्या शाळेला घेऊन येते."

वैजूनं वर बघितलं. अकरा पायऱ्या. वर ही मोठ्ठी कमान. कमानीच्या आत संगमरवरी पुतळा, त्याच्या गळ्यात झेंडूचा ताजा हार, पुढं समई, उदबत्तीचा वास. बाजूला स्टुलावर एक म्हातारा. आता तुम्हीच सांगा! वैजूनं खालच्या पायरीशी चपला काढल्या. तिनं काढल्या म्हणून नितानं काढल्या, नितानं काढल्या म्हणून सगळ्यांनी. बत्तीस पोरींच्या चपला ओळीनं लागल्या. गणेश सरांनीही बूट काढले, आणि त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला.

वैजू स्टुलावरच्या म्हाताऱ्याला म्हणाली, "काका, ध्यान ठेवजा बरं चपलांवर."

"मी वॉचमन हाव, बाई," म्हातारा म्हणाला. "कोनाचं दर्शन घ्यायचं हाये तुमाले?"

मागून नागपूरची एक शाळा येत होती. कडक इस्त्रीचे गणवेश, सगळ्यांच्या पायात बूट. आधी एक हसला. मग सगळीच रांग. "अरे, आत प्रसाद पण भेटतो का रे?" कोणीतरी म्हणालं, आणि दोघातिघांनी फोन वर करून चपलांच्या ओळीचे फोटो काढले.

"अगं, घाला, घाला," नीलिमाताई धावत आली. "इथं चालतं बूट-चप्पल."

रामीबाई खालच्या पायरीवर त्या दोन आजारी पोरींना लिंबू चाटवत बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "काढल्या त काढल्या! पोरी हायेत, तुमच्या घरात चिखल त नाही आनला ना?"

"मावशी, तुमी चूप राहा ना!" वैजू तिच्यावरच खेकसली.

मग एकमेकींच्या चपला पायात घालायचा जो गोंधळ झाला तो वेगळाच. वैजूचे डोळे जमिनीवरून वर उठेनात. आत त्या सभागृहाचं छत कसं खांबाशिवाय उभं आहे हे नीलिमाताई सांगत होती, आणि वैजूला मागून फक्त कुजबूज ऐकू येत होती. 'ती बघ, चप्पलवाली.' मनात ती एकच गोष्ट घोळवत होती, दुपारी बोलायला उभी राहीन ना, तेव्हा सगळ्यांची तोंडं बंद करीन. बाहेरच्या व्हरांड्यातले खांब तिनं मोजले. बावीस भरले. त्यांच्यावर काय बोलायचं ते जुळवत ती पुढं गेली.

ग्रंथालयाची इमारत नवी होती, बारा वर्षांपूर्वीची. लाल विटांची, प्लास्टर न केलेली, आत एक गोल जिना. रामीबाई आणि आजारी पोरी सभागृहाच्या सावलीतच थांबल्या होत्या.

"इकडं या," नीलिमाताईनं सगळ्यांना जिन्याखाली बोलावलं. "ही आमच्या फेरीतली सगळ्यांची आवडती जागा."

जिन्याखालच्या सिमेंटच्या जमिनीवर पितळेच्या पट्टीची चौकट होती, आणि तिच्यात लहान मुलाची पावलं उमटलेली. एक उजवं, एक डावं, आणि तिसरं अर्धंच, नुसता चवडा आणि पाच बोटं.

"बांधकाम चालू असताना कुणा मजुराचं लेकरू ओल्या सिमेंटवर चाललं. ठेकेदार ते बुजवून टाकणार होता. पण इमारतीचा नकाशा करणाऱ्या सरांनी सांगितलं, राहू द्या. कुणाची ती पावलं, ते आजपर्यंत कळलं नाही. आणि तिसरं पाऊल अर्धंच का, तेही नाही. आम्ही म्हणतो, ते लेकरू इथून उडून गेलं!"

सगळे हसले. सुकी हसली नाही. तिनं वैजूचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"वैजू. मायं हाये ते."

"काय तुयं?"

"पाय."

जेवणाच्या सुट्टीत दोघी कडुनिंबाखाली बसल्या. डबा तसाच राहिला आणि सुकी सांगत सुटली. वैजूनं तिला एका दमात इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

"माय गाऱ्याचं घमेलं वाहे. मले ह्याच झाडाले झोयी बांधून निजोलं होतं. मी उठली अन् मायकडं निंगाली, गाऱ्यातूनच. मायनं पाह्यलं, घमेलं टाकलं अन् मले असं वरच्यावर उचललं. म्हनून ते अर्धं हाये. उडून-बिडून नाही गेली मी. मुकादम लय बोल्ला मायले. पोट्टं संभाळता येत नाही त कामावर कायले येता म्हने. माय अजून सांगते, सांगते अन् रडते. तिले वाटते ते बुजोलं असन."

"बाप्पा! सुके!"

"मी बोलू का व आज? दुसरं नाव रिकामंच हाये ना?"

वैजूला खरोखरचा आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, त्या वेळी तिच्या मनात काहीही नव्हतं. ती उडालीच. पळत जाऊन सरांना सुकीचं नाव देऊन आली.

"तू लिहून दे मले," सुकी म्हणाली. "मले तुयासारकं नाही जमत. अन् मायले सांगू नोको. तिले तथीच ऐकू दे."

वैजूनं वही काढली आणि सुकी होऊन लिहिलं. 'जिन्याखालची ती अडीच पावलं माझी आहेत. ज्या हातांनी माझ्या आईनं या इमारतीचा गारा वाहिला, त्याच हातांनी तिनं मला उचललं...' 

"इतकं भारी नोको लिहू," सुकी म्हणाली. "मले म्हनता येत नाही."

"येते व! पाठ कर." आणि पाठ करून घेण्यासाठी वैजूनं ते चार वेळा मोठ्यानं म्हणून दाखवलं.

बोलायचा कार्यक्रम ग्रंथालयाच्याच तळमजल्यावर होता. दोनशे खुर्च्या, समोर व्यासपीठ, तिथं विभागप्रमुख मॅडम. रामीबाई शेवटच्या रांगेत, दोन्ही बाजूंना त्या दोन सुकलेल्या पोरी. आधी नागपूरची शाळा. ऋषिकेश नावाचा एक मुलगा उभा राहिला, हातात कागद नाही, खिशात एक हात, आणि तो खांबांवर बोलला! बावीस खांब, ते कोणत्या पद्धतीचे, वरचं नक्षीकाम कुठलं, तसे खांब आणखी कुठल्या कुठल्या गावांत आहेत. वैजूकडं जे होतं ते सगळं, आणि तिच्याकडं नव्हतं तेही. 

"आता केनवडहून, वैजयंती."

ती उठली. माइकपर्यंतची वाट लांबच लांब. दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "चप्पलवाली आली," आणि खसखस पिकली. वैजूनं माइक धरला. मॅडम बघत होत्या. डोक्यात काही नाही. एक शब्द नाही. नववीतली ती हजेरीला हात वर करणारी पोरगी जणू परत येऊन उभी राहिली. आणि मग तोंड आपोआप उघडलं आणि त्यातून जे सगळ्यात ताजं पाठ होतं तेच आलं.

"जिन्याखालची ती अडीच पावलं माझी आहेत."

हॉल गप्प. अगदी गप्प. पंख्यांचा आवाज ऐकू येईल इतका. तिथं थांबता आलं असतं. 'माझ्या मैत्रिणीची आहेत' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ती शांतता वैजूला गोड लागली. दुसऱ्या रांगेतली तोंडं उघडी पडली होती. तिनं पुढचं वाक्य घेतलं, मग त्याच्या पुढचं. आईचे हात, घमेलं, झोळी, मुकादम. तिसरं पाऊल अर्धं का, ते तिनं सांगितलं तेव्हा नीलिमाताईनं तोंडावर हात ठेवला. दोन मिनिटं संपली आणि टाळ्यांनी हॉल दणाणला. वैजूनं फक्त एकदा, चुकून, सुकीकडं पाहिलं. सुकी टाळ्या वाजवत नव्हती. रडतही नव्हती. वहीतला फाडलेला कागद तिच्या हातात होता आणि ती तो घडीवर घडी घालून लहान लहान करत होती.

मॅडम चष्मा पुसत उठल्या. "बाळा, तुमच्या शाळेबरोबर कुणाच्या तरी आई आल्यात म्हणे. त्याच का तुझ्या आई?"

दोनशे माना शेवटच्या रांगेकडं वळल्या. वैजूच्या तोंडातून 'नाही' निघेना. 'हो'ही निघेना. आता ही बाई उठणार आणि म्हणणार, खोटं बोलते ही पोट्टी, लेक मायी तिकडं बसली हाये. वैजूनं डोळे मिटले.

"हौ," मागून आवाज आला. "मीच हिची माय."

रामीबाई उभी होती. दोन्ही हात जोडलेले, मान खाली.

नंतर सुकीचं नाव पुकारलं. सुकीनं बसल्या जागी मान हलवली, नाही. मॅडम म्हणाल्या, काही हरकत नाही, लाजतात मुली. आणि केनवडच्या शिबिराच्या जागेवर वैजयंतीचं नाव लिहिलं गेलं.

नीलिमाताईनं वैजूला मिठी मारली. "बारा वर्षं आम्हाला माहीत नव्हतं गं! आता उद्यापासून प्रत्येक फेरीत मी तुझं नाव सांगणार." फोटोवाल्याला बोलावून तिनं वैजू आणि रामीबाईला जिन्याखाली नेलं. वैजूला पावलांशेजारी पाय ठेवायला सांगितलं. ठेवला. रामीबाई मात्र चौकटीशी खाली बसली आणि तिनं त्या अर्ध्या पावलाच्या बोटांवरून आपलं बोट फिरवलं, एकेका बोटावरून, पाचही.

"मावशी, वर बघा. मुलीकडं बघा," फोटोवाला म्हणाला.

रामीबाईनं वर बघितलं. वैजूकडं नाही. फोटोवाल्याच्या खांद्यामागं, जिथं खांबाला टेकून सुकी उभी होती, तिकडं. तसाच फोटो निघाला.

परतीच्या बसमध्ये माइकवर अंताक्षरी चालू झाली. वाटेत सूर्य मावळतीला आला. सुकी सगळ्यात पुढं ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली होती, खिडकीला डोकं टेकून. पोरींना काही कळलं नव्हतं. वैजूच्या आईनं कधी काळी बांधकामावर काम केलं असेल यावर विश्वास कोण ठेवणार? वैजूच्या घरी स्वतःची सोळा एकर! त्यांना वाटलं, भाषण होतं ते, भाषणात असंच बोलतात, आणि रामीबाईनं नुसती वेळ सावरून नेली. "काय रंगवलं व तू! मी त रडलीच," निता म्हणाली. वैजूला ते झोंबलं. ती उठली आणि आजारी पोरींना सरकवून रामीबाईशेजारी बसली. 

"मावशी, तुमी काहून उभ्या राह्यल्या?"

रामीबाईनं डब्यातली भाकरी मोडून अर्धी तिच्या हातात दिली. "हेडसर म्हने, साऱ्या पोरी तुया. अन् इतक्या लोकांत तू उघडी पडली असती. कसं पाह्यलं असतं मी?"

"पन सुकी..."

"तेच त." रामीबाईचा घास हातातच राहिला. "तुयावर हात ठेवला अन् मायी पोर मले सोडून गेली. आता घरी जाऊन तिले काय सांगू, मले समजून नाही राह्यलं. मायनंच म्हटलं ना साऱ्यांसमोर, का हे लेकरू मायं नाही म्हनून."

ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. काय सांगू म्हणून. वैजूनं भाकरी मांडीवर ठेवली. आपण एक गोष्ट चोरली एवढंच तिनं धरलं होतं. एका आईला तिच्या पोरीपुढं तिची आई नाही म्हणायला लावलं, हे आत्ता तिच्या डोक्यात शिरलं, आणि तिला वाटलं बसच्या फळ्या उघडाव्यात आणि आपण खाली रस्त्यावर पडावं.

ती उठली. निताच्या हातातून माइक घेतला.

"काय व, 'म' आला हाये," निता म्हणाली.

"थांब." माइक कुईं करून ओरडला. "मी... ते पाय सुकीचे हायेत. मी भाषणात... ते सुकीचं होतं. ती सांगनार होती. मीच लिहून देल्लं होतं तिले. अन् रामीमावशी तिची... तुमाले माहीत हाये कोनाची." तालुक्यात पहिली आलेली पोरगी, आणि धड एक वाक्य पूर्ण होईना. "मी खोटं बोलली. मले शिबिर पाह्यजे होतं. अन् ते चपलांचं... बस."



"म्हनजे तू चोरलं?" निता म्हणाली. "सुकीचं?"

"हौ."

गणेश सर मागून पुढं आले. ते ओरडले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला, नीलिमाताईचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन वैजूपुढं धरला. "सांग. मले सांगता नाही येत. तूच सांग."

तिनं ते सगळं दुसऱ्यांदा सांगितलं.  मग नीलिमाताई म्हणाली, "मी आत्ताच सगळ्या गाइडना तुझं नाव पाठवलं होतं." आणि मग, "मॅडमना सांगते. पुढचं मला माहीत नाही."

सुकीनं मागं वळून पाहिलं नाही. रामीबाईनंही वैजूला जवळ घेतलं नाही. ती पुढं गेली आणि सुकीशेजारच्या जागेवर बसली. सुकी खिडकीकडं सरकली. एवढं सरकली की मध्ये आणखी एक माणूस बसलं असतं.

मंगळवारी मॅडमचा निरोप आला. वैजयंतीचं नाव काढलं आहे. सुकेशनीची इच्छा असेल तर तिनं शुक्रवारपर्यंत दोन मिनिटं तिच्या शब्दांत बोलून व्हिडिओ पाठवावा, मग बघू.

सुकी सरांना म्हणाली, "कायले? साऱ्यांनी ऐकलं ते. तोच सिनेमा दुसऱ्यांदा कोन पाह्यते?"

बुधवार गेला. सुकी आता दुसऱ्या बाकावर बसायला लागली होती. गुरुवारी शाळा सुटल्यावर वैजू बापाचा चांगल्या कॅमेऱ्याचा फोन मागून घेऊन तांड्यावर गेली. दप्तरात वहीही होती, सवयीनं. वाटेत ओळखीच्या बाया काय व, इकडं कुठं, विचारत होत्या आणि ती भराभर पुढं जात होती. दारात रामीबाई तूर पाखडत बसली होती. तिनं 'ये' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. सूप बाजूला सरकवलं फक्त.

सुकी दारात आली. "वही नोको."

"नाही काढत."

"फोन देऊन जाय."

"मी धरते ना. हलला नाही पाह्यजे, म्हनून..."

"तू नोको. माय धरन."

रामीबाईनं हात पदराला पुसले, फोन दोन्ही हातांनी घेतला, भरलं ताट घ्यावं तसा, आणि आत गेली. दार लोटलं. वैजू बाहेर दगडावर बसली. निघून जावं असं वाटत होतं, पण फोन आत होता.

आतून सुकीचा आवाज आला, थांबला. "पाह्य, लाल टिपका दिसते का?" "दिसते." "मंग झालं चालू." पुन्हा थांबला. रामीबाई काहीतरी म्हणाली, दोघी आपल्या बंजारा गोरबोलीत बोलल्या, वैजूला कळलं नाही. मग एकदम, पाठ केल्यासारखं नाही, कुणाला तरी भांडून सांगावं तसं,

"मी चार वर्साची होती. पाय कसा उमटला ते मले आठवत नाही. मले मुकादमाचा आवाज आठवते, अन् मायनं मले कमरेवर घेऊन त्याचं सारं ऐकलं ते आठवते. तिचे पाय गाऱ्यानं फाटले होते. ते कुठी उमटले नाही. जिना पुरा झाला तवा आमाले आत येऊ देल्लं नाही. परवाच्या शनिवारी मी पयल्यांदा चढली त्याच्यावर, बावन्न पायऱ्या हायेत..."

वैजूच्या वहीत यातलं काही नव्हतं. असणार कसं? तिनं विचारलंच नव्हतं. जेवढं भाषणाला पुरलं तेवढं ऐकलं आणि पेन उघडलं. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती आणि सुकी थांबत नव्हती. कानावर हात ठेवावेत की नाही ते वैजूला कळेना. तिनं गुडघ्यांत तोंड घातलं.

सुकी बाहेर आली. "पाठवून दे सरांले. अन् ऐकू नोको."

"इथी ऐकू आलं."

"आलं त आलं," सुकी म्हणाली आणि आत गेली.

तांड्यावर रेंज नव्हती. वैजू फोन डोक्यावर धरून टेकाडावर चढली. व्हिडिओ जाईपर्यंत तिथंच उभी राहिली.

पंधरा दिवसांनी निकाल आला. तो वैजूला कोणी सांगितला नाही. मधल्या सुट्टीत फळ्यावर गणेश सरांच्या अक्षरात 'सुकेशनी चव्हाण, अभिनंदन' असं लिहिलेलं तिनं वाचलं. पोरी सुकीला उचलून नाचत होत्या. वैजूनंही टाळ्या वाजवल्या, मागं राहून, कुणाला दिसणार नाहीत अशा.

एप्रिलच्या शेवटी परीक्षा झाल्यावर सुकी तिच्याजवळ येऊन उभी राहिली. जानेवारीनंतर पहिल्यांदाच. समोर न बघता, शाळेच्या विहिरीकडं बघत म्हणाली, "दहा दिसाचं हाये. मोठी बॅग लागते म्हने. तुयाजवळ हाये का?"

वैजूच्या तोंडाशी किती आलं. माफ कर, मी तेव्हा, मला वाटलं, तुला काय सांगू. सगळं तयार होतं, तीन महिन्यांचं जुळवलेलं.

"हाये," ती म्हणाली. "संध्याकाळी आनून देते."

"चैन तुटली नाही ना?"

"नाही."

"मंग आन," सुकी म्हणाली आणि तांड्याच्या वाटेला लागली.